१०२४ सिलिंडरची मर्यादा आणि लिनक्समधील ‘बूट’ पार्टिशन : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

लिनक्स स्थापित करताना डिस्कचे भाग कसे पाडावेत याचे नियम अभ्यासपुस्तिकांतून बहुधा तयार आकड्यांच्या रूपात दिलेले असतात. त्या आकड्यांमागील कारणे मात्र क्वचितच सांगितली जातात. प्रस्तुत निबंधात १९८३ पासूनच्या डिस्क-विभाजन पद्धतीचा आढावा घेऊन ‘बूट’ या स्वतंत्र पार्टिशनचा उगम, त्याच्या मूळ कारणाचा लोप आणि नव्या कारणांनी झालेले त्याचे पुनरुज्जीवन यांची मांडणी केली आहे. पार्टिशनची योजना ही त्या त्या काळातील फर्मवेअर व बूट लोडर यांच्या क्षमतेचे प्रतिबिंब असते. म्हणून जुनी योजना उचलण्यापूर्वी तिचे कारण आजही लागू आहे का, हे तपासणे आवश्यक ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : लिनक्स, पार्टिशन, बायॉस, लिलो, ग्रब, यूईएफआय

प्रस्तावना

संगणक सुरू करण्याची कळ दाबल्यापासून कार्यप्रणाली हाती येईपर्यंत जो अल्पसा काळ जातो, त्या काळात संगणकाला स्वतःच्या डिस्कवरील फाइली कशा वाचाव्यात याचे पुरेसे ज्ञान नसते. ते ज्ञान कार्यप्रणालीच्या कर्नलमध्ये असते आणि कर्नल तर त्याच डिस्कवर फाइलच्या रूपात साठवलेले असते. किल्ली घरात राहून दाराला कुलूप लागावे, तशी ही स्थिती आहे. हा पेच सोडवण्याचे काम मेनबोर्डवरील फर्मवेअर आणि डिस्कवरील बूट लोडर हे दोघे मिळून करतात. या दोघांची नजर जेथवर पोहोचते, तेथवरच कर्नल ठेवता येते. डिस्क-विभाजनाच्या नियोजनातील बहुतेक नियम या एका अटीतून जन्माला आले आहेत.

कर्नल एकदा सुरू झाले की ते स्वतःच्या चालकांद्वारे संपूर्ण डिस्क हाताळू शकते. म्हणजे अडचण डिस्कच्या वापरात नसून पहिल्या काही क्षणांत असते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे ‘लिनक्ससाठी अमुक इतक्या आकाराचे पार्टिशन असावे’ असा नियम कारणाविना पाठ केला जातो. त्या नियमाचा इतिहास पाहिल्यास त्यातील गरज कोणती आणि सवय कोणती हे वेगळे करता येते.

१. १९८३ चा वारसा : पहिल्या सेक्टरमधील ६४ बाइट

मार्च १९८३ मध्ये आयबीएम कंपनीने पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइट क्षमतेची हार्ड डिस्क होती. त्याच सुमारास आलेल्या पीसी डॉसच्या २.० या आवृत्तीत हार्ड डिस्कचे भाग पाडण्याची सोय करण्यात आली. एका डिस्कवर एकाहून अधिक कार्यप्रणाली नांदू शकाव्यात, हा तिचा हेतू होता.

यासाठी डिस्कच्या पहिल्या सेक्टरची योजना करण्यात आली. हा सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातील पहिले ४४६ बाइट बूट करणाऱ्या लघुप्रोग्रामसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी, अशी ही वाटणी होती. तक्त्यातील प्रत्येक नोंद १६ बाइटची असल्याने चारच नोंदी मावत. म्हणूनच एका डिस्कवर चारच प्राथमिक पार्टिशन असू शकतात. ही चाराची मर्यादा कोणत्याही तात्त्विक विचारातून आलेली नाही, ती केवळ जागेच्या हिशेबातून आलेली आहे. पुढे १९८७ च्या सुमारास चारपैकी एका नोंदीला ‘विस्तारित’ ठरवून तिच्या पोटात अनेक तार्किक पार्टिशन ठेवण्याची युक्ती निघाली. लिनक्समध्ये प्राथमिक पार्टिशनना १ ते ४ हे क्रमांक राखून ठेवले जातात आणि पहिल्या तार्किक पार्टिशनला, आधीचे क्रमांक रिकामे असले तरी, ५ हाच क्रमांक मिळतो. अनेक विद्यार्थ्यांना कोड्यात टाकणाऱ्या या क्रमांकांचे मूळ या ६४ बाइटमध्ये आहे.

२. दहा बिटांची मर्यादा

डिस्क वाचण्यासाठी बूट लोडर ज्या बायॉस सेवेवर अवलंबून असे, तिला डिस्कवरील जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी सांगावी लागे. सेक्टरसाठी ६ बिट, हेडसाठी ८ बिट आणि सिलिंडरसाठी १० बिट राखलेले होते. सिलिंडरच्या दहांपैकी दोन बिट तर सेक्टरच्या बाइटमधून उसने घेतलेले होते. दहा बिटांत ० ते १०२३ हेच आकडे मावतात, म्हणून १०२४ सिलिंडरच्या पलीकडची जागा बायॉसला सांगताच येत नसे.

ही व्यवस्था ठरली तेव्हा ती मुळीच तोकडी नव्हती. एक्सटीच्या १० मेगाबाइट डिस्कवर अवघे ३०६ सिलिंडर होते. अडचण निर्माण झाली ती दोन वेगवेगळ्या मर्यादांच्या संयोगातून. आयडीई डिस्कच्या जोडणीत हेडसाठी चारच बिट, म्हणजे १६ हेड इतकीच सोय होती. बायॉसची सिलिंडर व सेक्टरची मर्यादा आणि आयडीईची हेडची मर्यादा एकत्र केली असता १०२४ × १६ × ६३ × ५१२ म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट, अर्थात सुमारे ५०४ मेगाबाइट एवढीच जागा हाती येई. १९९४ च्या आसपास याहून मोठ्या डिस्क सामान्य संगणकांत येऊ लागल्या आणि हा प्रश्न घरोघरी पोहोचला.

त्यावर उपाय म्हणून बायॉस डिस्कची रचना खोटी सांगू लागले. सिलिंडर कमी आणि हेड जास्त दाखवून हिशेब जुळवला जाई. या रूपांतरामुळे मर्यादा सुमारे ८.४ अब्ज बाइटपर्यंत सरकली. परंतु त्यातून एक नवीच गुंतागुंत उद्भवली. डिस्कची रचना बायॉसच्या मते एक आणि लिनक्सच्या मते दुसरी, असे घडू लागले. १०२४ वा सिलिंडर डिस्कवर नेमका कोठे येतो, हे त्या संगणकाच्या बायॉसवर अवलंबून राहिले.

३. फ्लॉपीकडून डिस्ककडे

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे लिनक्सची पहिली आवृत्ती तयार केली तेव्हा ती हार्ड डिस्कवरून बूट होत नसे. कर्नल फ्लॉपीवर असे व मूळ फाइल सिस्टीम हार्ड डिस्कच्या पार्टिशनवर. मूळ फाइल सिस्टीम कोणत्या पार्टिशनवर आहे हे फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधील ठराविक २ बाइटमध्ये लिहून ठेवण्याची सोय लवकरच झाली. या पद्धतीत हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर अस्पर्श राहत असल्याने ती सुरक्षित होती, पण संथ होती.

पार्टिशनची चूक किती महाग पडते याचा अनुभव खुद्द टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस घेतला. विद्यापीठाच्या संगणकाशी जोडले जाण्यासाठी मोडेमला द्यावयाच्या सूचना त्यांनी अनवधानाने हार्ड डिस्कच्या पार्टिशनला दिल्या आणि त्यांचे मिनिक्सचे पार्टिशन निकामी झाले. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्यांनी लिनक्सवरच काम सुरू ठेवले, असे त्यांनी आत्मकथनात नमूद केले आहे. ज्या व्यवस्थेत उपकरण आणि फाइल यांना एकाच रीतीने संबोधले जाते, तेथे एका अक्षराच्या फरकाने संपूर्ण पार्टिशन गमावले जाऊ शकते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

हार्ड डिस्कवरून थेट बूट होण्याची गरज वेर्नर आल्म्सबर्गर यांच्या लिलो या बूट लोडरने १९९२ पासून भागवली. लिलोची रचना साधी होती. त्याला कोणतीही फाइल सिस्टीम कळत नसे. कर्नलची फाइल डिस्कच्या कोणकोणत्या सेक्टरांवर पसरली आहे याची यादी तो स्थापनेच्या वेळीच एका नकाशा-फाइलमध्ये लिहून ठेवी आणि बूट होताना बायॉसच्या साहाय्याने ते सेक्टर क्रमाने वाची. यामुळे कर्नल कोणत्याही फाइल सिस्टीमवर असले तरी चालत असे. मात्र कर्नलची फाइल बदलली आणि लिलो पुन्हा चालवला नाही, तर जुनी यादी निरुपयोगी ठरे.

आपल्या प्रगतीची खूण म्हणून लिलो पडद्यावर स्वतःच्या नावाचे एकेक अक्षर उमटवी. चारही अक्षरे दिसली की काम फत्ते. केवळ पहिली दोन अक्षरे उमटून संगणक थबकला, तर दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला गेला पण चालला नाही, असा अर्थ होई. डिस्कच्या रचनेविषयी बायॉस व लिनक्स यांच्यातील मतभेद हे त्याचे एक प्रमुख कारण होते. नव्वदच्या दशकात लिनक्स हाताळणाऱ्यांना ती दोन अक्षरे चांगलीच परिचित होती.

४. स्वतंत्र ‘बूट’ पार्टिशनचा उदय

लिलो बायॉसवर अवलंबून असल्याने त्याला १०२४ सिलिंडरची मर्यादा जशीच्या तशी लागू होती. नकाशा-फाइल, कर्नल आणि लिलोचा दुसरा टप्पा या सर्वांना त्या रेषेच्या अलीकडे राहणे भाग होते. त्या काळातील सर्वसाधारण वापरकर्त्याची स्थिती मात्र नेमकी उलट होती. संगणकात विंडोज आधीच असे व तिने सारी डिस्क व्यापलेली असे. फिप्ससारख्या साधनाने विंडोजचे पार्टिशन आखडून घेतले की मोकळी होणारी जागा डिस्कच्या शेवटच्या भागात येई. लिनक्सच्या वाट्याला येणारी जागा ही बायॉसच्या नजरेबाहेरची असे.

याहून फसवा प्रकार एकाच मोठ्या पार्टिशनचा होता. मूळ पार्टिशन रेषेच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपत असेल, तर स्थापनेच्या वेळी कर्नल योगायोगाने अलीकडच्या भागात पडे आणि संगणक व्यवस्थित सुरू होई. काही महिन्यांनी नवे कर्नल बसवले की त्याची फाइल रेषेपलीकडील मोकळ्या जागेत जाण्याची शक्यता असे आणि मग संगणक बूट होत नसे. पार्टिशनमध्ये काहीही बदल केलेला नसताना हे घडत असल्याने दोष नव्या कर्नलला दिला जाई. प्रत्यक्षात दोष मूळ नियोजनात होता.

या अडचणीवर निघालेला तोडगा म्हणजे डिस्कच्या सुरुवातीस एक छोटे पार्टिशन राखून बूटसाठी लागणाऱ्या मोजक्या फाइली त्यातच ठेवणे. कर्नल व बूट लोडरच्या फाइली ‘बूट’ नावाच्या निर्देशिकेत ठेवण्याची प्रथा असल्यामुळे त्या निर्देशिकेलाच स्वतंत्र पार्टिशन देणे सोयीचे झाले. १९९७ च्या फाइल सिस्टीम हायरार्की स्टँडर्डमध्येही या निर्देशिकेला निश्चित स्थान आहे. रेड हॅट लिनक्सच्या ६ मालिकेतील स्थापना-पुस्तिकेने बहुतेक बायॉसच्या मर्यादा हे कारण देऊन असे पार्टिशन करण्याची शिफारस केली आणि त्याचा आकार १६ मेगाबाइटहून अधिक नसावा असे सांगितले. त्या काळच्या कर्नलचा आकार पाहता तेवढी जागा पुरेशी होती.

५. कारण सरले, पार्टिशन उरले

बायॉसच्या सेवेत नव्वदच्या दशकाच्या मध्यास सुधारणा झाली. सिलिंडर, हेड व सेक्टर यांऐवजी सेक्टरचा सरळ क्रमांक सांगण्याची विस्तारित सोय उपलब्ध झाली. ही सोय वापरण्याची क्षमता लिलोमध्ये २००० साली, जॉन कॉफमन यांच्याकडे त्याची धुरा असताना आली. तेव्हापासून नव्या संगणकांपुरता १०२४ सिलिंडरचा अडसर संपुष्टात आला.

याच काळात ग्रब हा दुसरा बूट लोडर पुढे येत होता. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये ग्नू हर्ड ही कार्यप्रणाली सुरू करण्याच्या प्रयत्नातून तो निर्माण केला होता. १९९९ मध्ये गॉर्डन मॅट्झिगकीट व योशिनोरी ओकुजी यांनी तो अधिकृत ग्नू प्रकल्पात आणला. ग्रबला फाइल सिस्टीम वाचता येत असल्याने त्याला सेक्टरांच्या यादीऐवजी फाइलचे नाव पुरत असे आणि कर्नल बदलल्यावर त्याची पुनर्स्थापना करावी लागत नसे. ऑक्टोबर २००१ मध्ये रेड हॅट लिनक्सच्या ७.२ या आवृत्तीने ग्रब हा आपला नेहमीचा बूट लोडर केला.

मूळ कारण गेल्यावर बूट पार्टिशनही नाहीसे व्हावे, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. यामागे सवय होतीच, परंतु काही नवी कारणेही त्याच काळात उपस्थित झाली. जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलपासून लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, म्हणजे एलव्हीएम, लिनक्समध्ये समाविष्ट झाला. त्यामुळे मूळ फाइल सिस्टीम अनेक डिस्कवर पसरवता येऊ लागली. मात्र तत्कालीन ग्रबला एलव्हीएमची भाषा अवगत नव्हती. २००४ पासून संपूर्ण पार्टिशन कूटबद्ध करण्याची डीएम-क्रिप्ट ही सोय कर्नलमध्ये आली आणि कूटबद्ध पार्टिशनवरील कर्नल बूट लोडरने कसे वाचावे, हा प्रश्न पुढे आला. दोन्ही प्रसंगी उत्तर एकच होते. कर्नल आणि त्याच्यासोबतची प्रारंभिक रॅम-डिस्क एका साध्या, लहान, उघड्या पार्टिशनवर ठेवावी आणि गुंतागुंतीचे स्तर कर्नल जागे झाल्यानंतर उलगडावेत. पूर्वी बूट लोडरला डिस्कवरील अंतर पेलत नव्हते, आता साठवणुकीची गुंतागुंत पेलेना. पार्टिशन तेच राहिले, त्याचे प्रयोजन बदलले.

आकार मात्र तोच राहू शकला नाही. एका वेळी अनेक कर्नल जपून ठेवण्याची प्रथा आणि प्रारंभिक रॅम-डिस्कमधील चालकांची वाढ यांमुळे जागेची गरज वाढत गेली. रेड हॅटच्याच व्यावसायिक वितरणाच्या ८ व्या आवृत्तीत बूट पार्टिशनसाठी किमान १ गिगाबाइटची शिफारस आहे. सुमारे दोन दशकांत साठपटींहून अधिक वाढ झाली. जुन्या पुस्तिकेतील आकडा जसाच्या तसा वापरल्यास हे पार्टिशन भरून जाते आणि सुरक्षाविषयक नवे कर्नल बसवता येत नाही. एकेकाळी संगणक सुरू व्हावा म्हणून दिलेला सल्ला अशा रीतीने त्याच्या सुरक्षिततेच्या आड येतो.

ग्रबच्या २.०० या जून २०१२ मधील आवृत्तीला एलव्हीएम व सॉफ्टवेअर रेड या रचना वाचता येतात. लक्स कूटबद्धतेच्या दुसऱ्या पिढीला २०२१ च्या २.०६ आवृत्तीत मर्यादित स्वरूपात आधार मिळाला. त्यामुळे स्वतंत्र बूट पार्टिशनची अपरिहार्यता पुन्हा एकदा शिथिल झाली आहे.

६. यूईएफआय : छोट्या पार्टिशनचे नवे रूप

पहिल्या सेक्टरमधील तक्त्याचे दिवस दुसऱ्या एका हिशेबाने भरले. त्यात पार्टिशनचा आरंभ व लांबी ३२ बिटांत लिहिली जाते. ५१२ बाइटच्या सेक्टरांचा हिशेब करता ही मर्यादा सुमारे २.२ टेराबाइटला संपते. २०१० मध्ये ३ टेराबाइटच्या डिस्क बाजारात आल्या आणि जुना तक्ता अपुरा पडला.

याचे उत्तर आधीच तयार होते. इंटेलने आयटेनियम संगणकांच्या निमित्ताने ईएफआय हे नवे फर्मवेअर विकसित केले होते. २००५ मध्ये त्याची जबाबदारी यूईएफआय फोरम या संस्थेकडे गेली. त्यासोबतचा जीपीटी हा तक्ता ६४ बिटांचे क्रमांक वापरतो, त्यात सामान्यतः १२८ नोंदी मावतात आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपली जाते. प्राथमिक, विस्तारित व तार्किक हा भेद येथे उरत नाही.

विशेष म्हणजे यूईएफआयला फॅट ही फाइल सिस्टीम स्वतःलाच वाचता येते. त्यामुळे पहिल्या सेक्टरच्या ४४६ बाइटमध्ये काही कोंबण्याची गरज राहत नाही. बूट लोडर ही ईएफआय सिस्टीम पार्टिशन या फॅट पार्टिशनवरील एक साधी फाइल असते. पूर्वी विंडोज पुन्हा बसवली की पहिला सेक्टर नव्याने लिहिला जाई व लिनक्सचा बूट लोडर पुसला जाई. नव्या व्यवस्थेत प्रत्येक कार्यप्रणालीला स्वतंत्र निर्देशिका मिळते. याउलट, जुने बायॉस आणि नवा जीपीटी तक्ता असा संयोग असल्यास ग्रबला सुमारे १ मेगाबाइटचे वेगळे बायॉस बूट पार्टिशन द्यावे लागते. जुन्या तक्त्यामागे जी मोकळी जागा ग्रब वापरत असे, ती जीपीटीमध्ये उपलब्ध नसते.

छोट्या पार्टिशनचा प्रश्न येथेही सुटलेला नाही. विंडोजची स्थापना ईएफआय पार्टिशनला बहुधा १०० मेगाबाइट देते. सिस्टीमडी-बूटसारखे साधे बूट लोडर कर्नललाही याच पार्टिशनवर ठेवू पाहतात तेव्हा ही जागा अपुरी पडते. अशा वेळी कर्नलसाठी दुसरे ‘विस्तारित बूट लोडर पार्टिशन’ करण्याची तरतूद बूट लोडर स्पेसिफिकेशन या प्रमाणकात आहे. सिलिंडरच्या मर्यादेतून जन्मलेले पार्टिशन तिसऱ्यांदा, नव्या नावाने व नव्या कारणाने परतले आहे.

७. नियोजनासाठी चार प्रश्न

वरील इतिहासातून नियोजनाची सूत्रे आकड्यांऐवजी प्रश्नांच्या रूपात मांडता येतात.

पहिला प्रश्न फर्मवेअरचा. संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू होत असेल तर ईएफआय सिस्टीम पार्टिशन अनिवार्य आहे. जुन्या बायॉस पद्धतीत त्याची गरज नसते. दोन कार्यप्रणाली एकत्र ठेवताना दोन्ही एकाच पद्धतीने स्थापित करणे इष्ट ठरते.

दुसरा प्रश्न डिस्कच्या क्षमतेचा. ती २.२ टेराबाइटच्या पुढे असल्यास जीपीटीला पर्याय नाही.

तिसरा प्रश्न मूळ फाइल सिस्टीमच्या स्वरूपाचा. ती एलव्हीएम, रेड किंवा कूटबद्ध स्तराखाली असेल, तर निवडलेला बूट लोडर तो स्तर वाचू शकतो का हे पाहावे. वाचू शकत नसल्यास बूट पार्टिशन वेगळे हवे. मूळ फाइल सिस्टीम साध्या पार्टिशनवर असून ग्रबला ती वाचता येत असल्यास वेगळ्या पार्टिशनची सक्ती नाही.

चौथा प्रश्न काळाचा. संगणकाच्या आयुष्यात किती कर्नल एकत्र ठेवली जातील, याचा अंदाज घेऊन आकार ठरवावा. बूट व ईएफआय पार्टिशन मागाहून वाढवणे कष्टाचे असते, कारण त्यांच्या लगतची जागा बहुधा दुसऱ्या पार्टिशनने व्यापलेली असते.

निष्कर्ष

बूट पार्टिशनच्या इतिहासात तीन टप्पे स्पष्ट दिसतात. प्रथम ते दहा बिटांच्या मर्यादेमुळे आवश्यक होते. नंतर एलव्हीएम व कूटबद्धता यांमुळे ते उपयुक्त ठरले. यूईएफआयच्या काळात फर्मवेअरला वाचता येणारे पार्टिशन हा खुद्द प्रमाणकाचा भाग झाला. तिन्ही टप्प्यांत बाह्य रूप जवळपास सारखे आहे, कारणे मात्र भिन्न आहेत. रूपाच्या या साम्यामुळेच एका टप्प्यातील आकडे दुसऱ्या टप्प्यात बेमालूमपणे उचलले जातात आणि अडचणी निर्माण होतात.

ही बाब संगणकशास्त्राच्या अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला पार्टिशनचा तयार तक्ता देण्यापेक्षा प्रत्येक ओळीसमोर तिचे कारण लिहावयास लावले, तर फर्मवेअर बदलताच कोणती ओळ गाळावी हे त्याला स्वतःच ठरवता येईल. डिस्कवरील विभाजन चुकल्यास त्याची किंमत बहुधा तेथे साठवलेल्या माहितीच्या रूपाने मोजावी लागते. ती माहिती अनेकदा विद्यार्थ्याचा प्रकल्प किंवा विभागाची वर्षानुवर्षांची नोंद असते. १९८३ मध्ये पुरेशा वाटलेल्या दहा बिटांनी पुढील दोन दशके संगणकांना अडवून धरले. आज पुरेसे वाटणारे आकडेही त्याच सावधगिरीने पाहिले पाहिजेत.